हृदयाच्या पेशीत रिसेप्टर कसा फिरतो: नव्याने शिकणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

हा विषय पहिल्यांदा वाचायला घेतला की बहुतेकांचं असं होतं, रॅब५, रॅब७, रॅब११, क्लॅथ्रिन, अरेस्टिन अशी नावं एकामागून एक येत राहतात, प्रत्येक नाव वाचताना कळल्यासारखं वाटतं आणि पान मिटलं की डोळ्यासमोर काहीच उभं राहत नाही. माझंही बरेच महिने असंच चाललं होतं आणि त्याचं कारण मला उशिरा कळलं. पुस्तकातल्या आकृतीत पेशी गोल असते, मधे केंद्रक, भोवती ऐसपैस मोकळी जागा, आणि त्या जागेतून इकडून तिकडे बाण. हृदयाच्या स्नायूपेशीत ती मोकळी जागाच नाहीये. तो गोल डोक्यातून गेल्याशिवाय पुढचं काही नीट बसत नाही, त्यामुळे आपण सुरुवात तिथूनच करू, मग एकच रिसेप्टर, म्हणजे बाहेरून आलेला संदेशाचा रेणू पकडणारं प्रोटीन, धरून त्याच्या जन्मापासून शेवटापर्यंत त्याच्यामागे जाऊ आणि शेवटी हे सगळं लॅबमध्ये बघायचं कसं ते पाहू. बारावीपर्यंतचं जीवशास्त्र आठवत असेल तर एवढं पुरे आहे.

पायरी १: कागद घ्या आणि पेशी स्वतः काढा

हे खरंच करा, नुसतं वाचून पुढे जाऊ नका. १ सेंटिमीटर म्हणजे १० मायक्रॉन असं प्रमाण धरा. व्हेंट्रिकलमधली प्रौढ पेशी साधारण १०० ते १५० मायक्रॉन लांब आणि २० ते ३० मायक्रॉन रुंद असते, म्हणजे कागदावर १२ सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद असा विटेच्या आकाराचा आयत काढा. आता लांबीला काटकोनात, दर २ मिलिमीटरवर एक रेघ मारत जा. साठेक रेघा होतील, कंटाळा येईल, तरी मारा. या रेघा म्हणजे टी-ट्यूब्यूल. पेशीचं बाहेरचं पटलच आत खोल बोळासारखं शिरलेलं असतं, जवळपास प्रत्येक सार्कोमिअरच्या झेड-रेषेपाशी, आणि त्या बोळाची रुंदी साधारण २०० ते ४०० नॅनोमीटर असते. म्हणजे पेशीच्या अगदी मध्यभागी जरी तुम्ही उभे असाल तरी 'बाहेरचं जग' तुमच्यापासून एखाद्या मायक्रॉनवर आहे, ही गोष्ट गोल पेशीत नसते.

आता उरलेली जागा भरा. जवळपास अर्धी जागा मायोफायब्रिल म्हणजे आकुंचन पावणाऱ्या तंतूंची, सुमारे एक तृतीयांश मायटोकॉन्ड्रियाची. मग राहिलं काय? फटी. त्या फटींमध्येच सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम, गोल्जी, मायक्रोट्यूब्यूल आणि आपल्याला ज्यांच्याशी काम आहे त्या व्हेसिकल म्हणजे पटलाच्या इवल्या पिशव्या. व्हेसिकल ६० ते १०० नॅनोमीटरची असते, तुमच्या कागदावर एक दशांश मिलिमीटर, म्हणजे टोकदार पेन्सिलीने मारलेला ठिपकाही तिच्यासाठी मोठाच. आणि हे सगळं एका जागी स्थिर नाहीये, दर ठोक्याला पेशी लांबीच्या सुमारे दहा टक्के आखडते आणि परत सैल होते, आणि वाहतूक त्यातच चालू असते. पेशीच्या दोन्ही टोकांना थोडी नागमोडी रेघ काढा, ती इंटरकॅलेटेड डिस्क, शेजारच्या पेशीशी जोडणारी जागा.

हा कागद जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक पायरीला लागणार आहे.

पायरी २: एकच रिसेप्टर निवडा, आणि नावांचा घोळ आधीच मिटवा

हृदयाच्या संदर्भात 'रिसेप्टर' हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी येतो आणि नवीन माणसाचं गाडं इथेच अडतं. रायनोडिन रिसेप्टर नावाने रिसेप्टर असला तरी तो कॅल्शियमचं चॅनल आहे, सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या पटलात बसतो, चार तुकडे मिळून त्याचं वजन २० लाख डाल्टनच्या वर जातं, आणि तो पेशीच्या पृष्ठभागावर कधी येतच नाही. दुसरे न्यूक्लिअर रिसेप्टर, थायरॉइड संप्रेरकाचे वगैरे, ते पटलात बसत नाहीत, थेट डीएनएपाशी काम करतात. तिसरा गट म्हणजे पटलात सात वेळा आतबाहेर शिवलेले जीपीसीआर, म्हणजे आतल्या जी प्रोटीनमार्फत निरोप देणारे रिसेप्टर, ज्यात बीटा-अॅड्रेनर्जिक, मस्कॅरिनिक एम२, अँजिओटेन्सिनचा एटी१ हे सगळे येतात. 'रिसेप्टरची वाहतूक' असं म्हटलं की बहुतेक वेळा हा तिसरा गट अभिप्रेत असतो.

आपण बीटा-१ अॅड्रेनर्जिक रिसेप्टर घेऊ. ४७७ अमिनो आम्लांचं प्रोटीन. नॉरअॅड्रेनालिन (ताणाच्या वेळी नसांतून सुटणारा, अॅड्रेनालिनचा भाऊबंद) येऊन चिकटलं की तो आतल्या जीएस प्रोटीनला जागं करतो, त्यातून सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आत निरोप नेणारा छोटा रेणू बनतो, त्यातून प्रोटीन कायनेज ए चालू होतं, आणि मग ठोके वाढतात, आकुंचनाचा जोर वाढतो, सैल होण्याचा वेगही वाढतो. निरोगी माणसाच्या व्हेंट्रिकलमध्ये बीटा-१ आणि बीटा-२ यांचं प्रमाण साधारण ८० ला २० असं असतं. हे आकडे लक्षात ठेवा, नंतर यांच्याकडे परत यायचंय. या कुळाच्या अभ्यासासाठी रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पायरी ३: जन्म आणि तपासणी

केंद्रकातून एम-आरएनए बाहेर येतो, रायबोसोम त्यावर बसतो, प्रोटीनची साखळी थोडी बाहेर आली की त्यातला पटलात शिरणारा भाग ओळखून अख्खं रायबोसोम एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमकडे, थोडक्यात ईआरकडे नेलं जातं. प्रोटीनमध्येच त्याचा पत्ता लिहिलेला असतो ही कल्पना गुंटर ब्लोबेल यांची, त्यासाठी १९९९ चं नोबेल.

स्नायूपेशीत ईआर आणि सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम म्हणजे एसआर हे एकमेकांना जोडलेलं एकच जाळं आहे असं समजा, पण कामं वाटून घेतलेली आहेत, कॅल्शियमचा साठा एसआरकडे आणि प्रोटीन बनवण्याचं काम ईआरकडे, आणि रायबोसोमवालं खडबडीत ईआर केंद्रकाभोवती जास्त दिसतं. पण 'सगळं केंद्रकाजवळ बनतं आणि मग लांब नेलं जातं' असंही सरळ नाहीये, कारण एम-आरएनए आणि रायबोसोम हे मायक्रोट्यूब्यूलवरून पेशीभर वाटले जातात आणि काही प्रोटीनं लागतील तिथेच बनतात हे आता दिसून आलंय. पाठ्यपुस्तकात हे अजून फारसं आलेलं नाही म्हणून मुद्दाम सांगतोय.

ईआरमध्ये साखळीची घडी पडते, साखरेच्या फांद्या लागतात, आणि घडी चुकली असेल तर ते प्रोटीन परत बाहेर ओढून युबिक्विटिनचा शिक्का मारून प्रोटिआसोममध्ये तोडलं जातं. ही तपासणी कडक असते आणि तिचे परिणाम रुग्णात दिसतात. रिसेप्टर नाही पण जवळचं उदाहरण सांगतो, लाँग क्यूटी सिंड्रोमचा दुसरा प्रकार. त्यात एचईआरजी नावाच्या पोटॅशियम चॅनलमध्ये जे बदल सापडतात त्यातल्या बहुसंख्य बदलांमध्ये मूळ अडचण ही असते की प्रोटीन ईआरमध्येच अडकतं, पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. रिपोर्टमध्ये 'चॅनल काम करत नाही' एवढंच दिसतं, खरं कारण वाहतुकीचं असतं.

पास झालेला रिसेप्टर सीओपी-२ आवरणाच्या व्हेसिकलमध्ये बसून गोल्जीकडे निघतो. हे बसणं आपोआप होत नाही, अनेक जीपीसीआरच्या आतल्या शेपटीच्या सुरुवातीला एक खूण असते, एक फेनिलअॅलनिन, मग कुठलीही सहा अमिनो आम्लं आणि मग दोन ल्युसिन, ती खूण मोडली की रिसेप्टर ईआरमध्येच बसून राहतो. या टप्प्याचा गेटकीपर रॅब१. रॅब म्हणजे छोट्या स्विचसारख्या प्रोटीनांचं कुळ, वाहतुकीच्या प्रत्येक टप्प्याला त्यातला वेगळा रॅब असतो. हृदयाच्या पेशींमध्ये रॅब१ कमी केलं की पृष्ठभागावरचे अॅड्रेनर्जिक रिसेप्टर कमी होतात आणि उंदरांच्या हृदयात रॅब१ जास्त बनवायला लावलं तेव्हा हृदय जाड झालं, म्हणजे नुसत्या वाहतुकीच्या वेगातला बदलसुद्धा हृदयाच्या आकारापर्यंत पोचतो.

पायरी ४: गोल्जीपासून रस्त्याला लागणं

गोल्जीमध्ये साखरेच्या फांद्यांवर शेवटचा हात फिरतो आणि मग खरा लांबचा प्रवास. रस्ता म्हणजे मायक्रोट्यूब्यूल, बाहेरच्या दिशेने ओढणारी मोटर म्हणजे कायनेसिन, आतल्या दिशेने ओढणारी डायनीन, आणि पृष्ठभागाजवळच्या अॅक्टिनच्या जाळ्यात शेवटचं काही अंतर मायोसिन-५ सारख्या मोटरी सांभाळतात. कायनेसिन एका एटीपीवर ८ नॅनोमीटरचं एक पाऊल टाकते, मोकळ्या रस्त्यावर वेग साधारण सेकंदाला १ मायक्रॉनच्या आतबाहेर. आता तुमच्या कागदावर मधल्या केंद्रकापासून टोकापर्यंत अंतर मोजा, ६ सेंटिमीटर म्हणजे ६० मायक्रॉन, हिशोबाने एक मिनिट. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो कारण मोटर रस्ता सोडते, परत पकडते, मधे थांबते, उलटी जाते, आणि दोन मायटोकॉन्ड्रियामधल्या फटीतून वाट काढते.

इथेही गोल पेशीची सवय आडवी येते बघा. गोल पेशीत सगळे मायक्रोट्यूब्यूल एका सेंट्रोसोममधून सूर्यकिरणांसारखे निघतात. प्रौढ हृदयपेशीत ते मुख्यतः केंद्रकाच्या आवरणापासून आणि गोल्जीच्या तुकड्यांपासून निघतात आणि बरेचसे पेशीच्या लांबीला समांतर धावतात. हार्ट फेल्युअरमध्ये हे जाळं दाट होतं, त्यातल्या ट्यूब्युलिनच्या टोकाचं टायरोसिन काढून टाकलेल्या नळ्या वाढतात, पेशी ताठ होते. वाहतुकीसाठीही रस्ता बदलला असं समजायला हरकत नाही.

मग व्हेसिकलला कसं कळतं की कुठे उतरायचं? याबद्दल सगळ्यात स्वच्छ उत्तरं रिसेप्टरवर नाही तर चॅनलवर मिळालेली आहेत, तरी ती माहीत हवीत. कनेक्सिन-४३ हे पेशी जोडणारं प्रोटीन घेऊन येणारे मायक्रोट्यूब्यूल ईबी१ नावाच्या टोकावरच्या प्रोटीनच्या मदतीने थेट इंटरकॅलेटेड डिस्कपाशी जाऊन टेकतात. तसंच एल-टाइप कॅल्शियम चॅनलसाठी टी-ट्यूब्यूलवर बिन१ नावाचं प्रोटीन धक्क्यासारखं काम करतं. म्हणजे पत्ता फक्त पार्सलवर नसतो, घराच्या दारावरही पाटी असते. शेवटी व्हेसिकल आणि पटल एकजीव होतात ते स्नेअर प्रोटीनांमुळे. व्हेसिकलची ही सगळी यंत्रणा उलगडल्याबद्दल रॉथमन, शेकमन आणि झ्युडहोफ यांना २०१३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पायरी ५: पत्ता बघा, नुसती संख्या मोजू नका

मला विचाराल तर या सगळ्या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. जुन्या अभ्यासांमध्ये हृदयाचा तुकडा वाटून त्यात एकूण रिसेप्टर किती हे मोजायचे. तो आकडा उपयोगाचा आहेच, पण पेशी वाटली की पत्ता गेला.

२०१० साली सायन्स मासिकात एक काम आलं, त्यात सुईसारख्या बारीक काचेच्या नळीने पेशीचा पृष्ठभाग चाचपून त्याचा नकाशा काढला, ती नळी ठरवलेल्या जागी, टी-ट्यूब्यूलच्या तोंडाशी किंवा दोन ट्यूब्यूलमधल्या उंचवट्यावर नेऊन तिथेच औषध सोडलं, आणि आत किती सायक्लिक एएमपी तयार होतं आणि कुठवर पसरतं ते फ्रेट सेन्सरने, म्हणजे सायक्लिक एएमपी चिकटलं की चमक बदलणाऱ्या प्रोटीनने, बघितलं. निरोगी उंदीरजातीच्या प्राण्यांच्या पेशीत बीटा-१ पृष्ठभागावर सगळीकडे सापडला, पण बीटा-२ चा प्रतिसाद फक्त टी-ट्यूब्यूलमध्येच मिळाला आणि त्याचा सायक्लिक एएमपी तिथल्या तिथेच राहिला. हार्ट फेल्युअर झालेल्या पेशीत मात्र बीटा-२ उंचवट्यांवरही दिसायला लागला आणि त्याचा सिग्नल पेशीभर पसरायला लागला, म्हणजे तो बीटा-१ सारखा वागायला लागला. प्रोटीन तेच, त्याची जागा सुटली. आपण कागदावर ज्या साठ रेघा मारल्या ना, फेल होत जाणाऱ्या हृदयात त्यातल्या बऱ्याच पुसल्या जातात, वाकड्या होतात, आणि त्यांच्यात राहणाऱ्यांना दुसरीकडे जावं लागतं.

बीटा-२ ला जागेवर धरून ठेवण्यात कॅव्हिओलिन-३ चा हात असतो, हे पटलातल्या छोट्या खळग्यांचं म्हणजे कॅव्हिओलीचं स्नायूतलं प्रोटीन. तुमच्या कागदावर दोन रंगाच्या पेनांनी बीटा-१ आणि बीटा-२ चे ठिपके टाका, एक आयत निरोगी आणि दुसरा फेल्युअरचा. हे करून बघितल्यावर रिसेप्टरच्या जागेबद्दल मला जे कळलं ते त्याआधी बरंच वाचूनही कळलं नव्हतं.

पायरी ६: परत आत जाणं

इथे तीन शब्द येतात आणि लोक ते एकमेकांच्या जागी वापरतात, अगदी सेमिनारमध्येसुद्धा, म्हणून आधी ते वेगळे करू. डिसेन्सिटायझेशन म्हणजे रिसेप्टर जागेवरच आहे पण सिग्नल देणं बंद झालंय, याला सेकंद ते मिनिटं लागतात. इंटर्नलायझेशन म्हणजे रिसेप्टर पटलावरून आत गेला, मिनिटांचं काम, आणि तो परत येऊ शकतो. डाउनरेग्युलेशन म्हणजे एकूण संख्याच कमी झाली, तोडले गेले किंवा नवीन कमी बनले, याला तास ते दिवस लागतात. पेपर वाचताना प्रत्येक आकृतीपाशी थांबून विचारा, यातलं नक्की कुठलं मोजलंय?

क्रम असा आहे. नॉरअॅड्रेनालिन चिकटलेला रिसेप्टर जीआरके२ नावाच्या कायनेजला दिसतो, तो त्याच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेट लावतो, त्या फॉस्फेटवर बीटा-अरेस्टिन येऊन बसतं आणि जी प्रोटीनची जागा अडवतं. इथे सिग्नल थांबला. मग तेच अरेस्टिन क्लॅथ्रिनला, म्हणजे खळग्याला बाहेरून जाळीसारखं आवरण घालणाऱ्या प्रोटीनला, पकडतं, पटलाला खळगा पडतो, डायनामिन त्याच्या मानेला फास घालून तो तोडतं आणि रिसेप्टर आतल्या पिशवीत. बीटा-२ या रस्त्याने पटकन आत जातो, बीटा-१ मात्र तुलनेने हट्टी आहे, तेवढ्याच उत्तेजनाला बराच कमी आत जातो. हा फरक माहीत नसला की माणूस बीटा-२ वर वाचलेलं सगळं बीटा-१ ला लावत बसतो, आणि हृदयात तर बीटा-१ च जास्त आहे!

आतली पहिली जागा अर्ली एंडोसोम, म्हणजे आत आलेला माल निवडणारी पिशवी, त्याची खूण रॅब५. इथे फाटा फुटतो. लगेच परत जायचं असेल तर रॅब४ चा जवळचा रस्ता, थोडं रेंगाळून जायचं असेल तर रॅब११ चा लांबचा, आणि परत जायचंच नसेल तर रॅब७, लेट एंडोसोम, लायसोसोम आणि शेवट. कुठला फाटा पकडायचा हे बऱ्याच अंशी शेपटीच्या अगदी टोकाच्या चार अमिनो आम्लांवर ठरतं, त्यांना पीडीझेड खूण म्हणतात. बीटा-१ च्या बाबतीत तिथे एसएपी९७ सारखी प्रोटीनं चिकटतात, बीटा-२ ला सॉर्टिंग नेक्सिन-२७ आणि रेट्रोमर परतीच्या वाटेला लावतात. ही खूण मोडली तर आत गेलेला रिसेप्टर परत येत नाही. चार अमिनो आम्लं, ४७७ पैकी.

पायरी ७: आत असलेला रिसेप्टर मेलेला नसतो

ही पायरी थोडक्यात, कारण क्षेत्र अजून तापलेलं आहे. २०१३ मध्ये दाखवलं गेलं की एंडोसोमवर बसलेला बीटा-२ तिथूनही जी प्रोटीन चालू करतो. २०१७ मध्ये गोल्जीवर आधीपासूनच असलेला बीटा-१ सिग्नल देऊ शकतो हे दिसलं, अॅड्रेनालिन तिथपर्यंत न्यायला ओसीटी३ हा वाहक लागतो. त्यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते, मेटोप्रोलॉलसारखा पटलातून आरपार जाणारा बीटा-ब्लॉकर, म्हणजे बीटा रिसेप्टर अडवणारं औषध, गोल्जीवरच्या रिसेप्टरलाही गाठतो, सोटॅलॉल मात्र पाण्यात रमणारा असल्याने बाहेरच राहतो. नवजात उंदीरजातीच्या हृदयपेशींमध्ये गोल्जीवरच्या या बीटा-१ चा संबंध पेशी जाड होण्याशी लागलेला आहे. आणि आल्फा-१ रिसेप्टर तर प्रौढ उंदरांच्या हृदयपेशीत केंद्रकाच्या आवरणावर सापडतात. म्हणून 'आत' लिहिलेलं दिसलं की लगेच 'बंद' असं धरू नका.

पायरी ८: आजारात काय होतं ते जोडून घ्या

१९८२ मध्ये मायकेल ब्रिस्टो आणि सहकाऱ्यांनी फेल झालेल्या मानवी हृदयात बीटा रिसेप्टरची घनता निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आलेली दाखवली. पुढे कळलं की कमी होतो तो मुख्यतः बीटा-१, त्यामुळे ८० ला २० असलेलं प्रमाण ६० ला ४० च्या जवळ येतं. जीआरके२ वाढलेलं असतं. शरीर सतत नॉरअॅड्रेनालिन ओतत राहतं, पेशी स्वतःला वाचवायला रिसेप्टर कमी करते, आणि मग गरजेच्या वेळी जोर लावायला काही उरत नाही.

बीटा-ब्लॉकर देऊन हार्ट फेल्युअर सुधारतं हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं, पण या पायऱ्या ओळीने लावल्या तर त्यातला काही भाग समजतो. मेटोप्रोलॉलने बीटा-१ ची घनता परत वाढते. पण कार्व्हेडिलॉलने ती तशी वाढत नाही आणि तरी रुग्णांना फायदा होतो, म्हणून 'रिसेप्टर वाढले म्हणून बरं वाटलं' एवढ्यावर थांबू नका. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी स्वतः किंवा घरचं कुणी ही गोळी घेत असेल तर एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, ती डॉक्टरांना न विचारता अचानक बंद करू नका. गोळी चालू असताना पृष्ठभागावर रिसेप्टर वाढलेले असू शकतात, गोळी एकदम काढली की ते सगळे उघडे पडतात, छातीत दुखणं, ठोक्यांची गडबड, हार्ट अटॅकसुद्धा येऊ शकतो.

पायरी ९: लॅबमध्ये बघायचं कसं

आधी पेशी निवडा, कारण उत्तर बरंचसं इथेच ठरतं. एचईके२९३ (लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या मानवी मूत्रपिंडाच्या पेशी) सोप्या, पण त्यांना ना विटेचा आकार ना टी-ट्यूब्यूल, त्यात फक्त 'हे प्रोटीन त्या प्रोटीनला चिकटतं का' एवढंच विचारा. नवजात रॅटच्या हृदयपेशी धडधडतात, त्यात बाहेरून जीन घालता येतो, पण टी-ट्यूब्यूल तयार झालेले नसतात. स्टेम सेलपासून बनवलेल्या मानवी हृदयपेशींचंही बहुतेक वेळा तेच. पत्त्याचा प्रश्न असेल तर प्रौढ प्राण्याच्या हृदयातून कोलॅजिनेजने सुट्या केलेल्या पेशीच लागतात, आणि त्या डिशमध्ये काही दिवस ठेवल्या की टी-ट्यूब्यूल हरवायला लागतात, म्हणून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी काम उरकायचं. मायक्रोस्कोपखाली काठीसारखी, स्पष्ट पट्टे असलेली पेशी घ्या. गोल झालेली पेशी मेलेली किंवा मरणाच्या वाटेवर आहे, ती मोजायचीच नाही.

मग टॅग, म्हणजे रिसेप्टर ओळखता यावा म्हणून त्याला जोडलेली खूण. नवीन माणूस सवयीने रिसेप्टरच्या शेवटच्या टोकाला हिरवं चमकणारं प्रोटीन जोडतो. वरची पायरी ६ आठवा, ते टोक म्हणजेच पीडीझेड खूण! ती झाकली की परतीचा रस्ताच बदलतो आणि तुम्ही बदललेला रस्ता मोजत राहता. मी असे तीन महिने घालवले आहेत, ते तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय. टॅग सुरुवातीच्या टोकाला लावा, फ्लॅग किंवा एचए, हे अगदी छोटे टॅग आहेत. ते टोक पेशीच्या बाहेर असतं, त्यामुळे जिवंत पेशीवर अँटीबॉडी टाकून फक्त पृष्ठभागावरचे रिसेप्टर रंगवता येतात, मग उत्तेजन द्या आणि रंग आत जाताना बघा.

मूळ रिसेप्टरवरच्या अँटीबॉडीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बीटा रिसेप्टरच्या बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच अँटीबॉडी चुकीच्या प्रोटीनला चिकटतात, ज्या उंदरात तो रिसेप्टरच नाही त्याच्या पेशीतही 'रिसेप्टर आहे' असा पट्टा ब्लॉटवर दाखवतात. असा नॉकआउटचा कंट्रोल मिळत नसेल तर रेडिओलिगँड, म्हणजे रिसेप्टरला चिकटणारा किरणोत्सारी रेणू, वापरा, आणि त्यात एक सुंदर युक्ती आहे. सीजीपी-१२१७७ पाण्यात विरघळणारं आहे, ते अख्ख्या पेशीत पृष्ठभागावरच्याच रिसेप्टरला चिकटतं. डायहायड्रोअल्प्रेनोलॉल चरबीत विरघळणारं, ते आतबाहेर सगळ्यांना गाठतं. दोन्ही मोजा, वजा करा, आतले किती ते मिळालं.

पृष्ठभागावरच्या प्रोटीनांना खूण लावायला बायोटिन वापरणार असाल तर पेशी ४ अंशांवर ठेवा, कारण थंडीत एंडोसायटोसिस म्हणजे पटलावरून आत ओढणं थांबतं. पण थंडीत बरेच मायक्रोट्यूब्यूलही विरघळतात हे विसरू नका, परत ३७ अंशांवर आणल्यावर लगेच दिसलेली पहिली काही मिनिटं जपून वाचा. आणि फाटलेल्या पेशीत बायोटिन आत शिरतं, मग आतली प्रोटीनंही 'पृष्ठभागावरची' म्हणून मोजली जातात, त्यामुळे बायोटिनवाल्या नमुन्यात जीएपीडीएच हे पेशीच्या आतलं प्रोटीन आहे का तपासा. ते दिसलं तर तो नमुना टाकून द्या. टी-ट्यूब्यूलच्या अरुंद बोळात द्रव्य पोचायला वेळ लागतो, तोही द्या.

रस्ता बंद करून बघायची औषधं म्हणजे ईआर ते गोल्जीसाठी ब्रेफेल्डिन ए, मायक्रोट्यूब्यूलसाठी नोकोडॅझोल किंवा कोल्चिसिन, लायसोसोमसाठी बॅफिलोमायसिन, नवीन प्रोटीन बनणं थांबवायला सायक्लोहेक्झिमाइड. यातलं कुठलंच फक्त तुमच्या रिसेप्टरवर काम करत नाही, पेशीभर सगळ्यांचाच रस्ता बंद होतो, म्हणून एका औषधावर निष्कर्ष काढू नका, रॅबचा निकामी केलेला प्रकार घालून तेच दिसतं का बघा.

आयसोप्रोटेरेनॉल, म्हणजे बीटा रिसेप्टरला उत्तेजन देणारं औषध, दर वेळी ताजं बनवा, थोडं अॅस्कॉर्बिक आम्ल घालून, उजेडापासून लांब. द्रावण गुलाबी झालं असेल तर ते ऑक्सिडाइझ झालंय, त्याने काही झालं नाही तर दोष रिसेप्टरचा नाही. प्रौढ पेशी हिरव्या रंगात स्वतःच चमकतात, लिपोफ्युसिन आणि फ्लेविनमुळे, म्हणून काहीही न लावलेल्या पेशींचा एक फोटो त्याच सेटिंगवर रोज काढून ठेवा.

पहिल्या आठवड्यात एवढंच करा, उत्तेजनाआधी आणि नंतर ५, १५, ३० आणि ६० मिनिटांनी पृष्ठभागावर किती राहिले ते मोजा, मग औषध धुऊन टाका आणि पुढचा एक तास किती परत येतात ते मोजा, आणि प्रत्येक वेळेच्या फोटोवरून तुमच्या त्या कागदावरच्या आयतात ठिपके हलवत जा.